एकेकानं ओलांडायचा उतार

अमेरिकेत, कॅस्केड्सच्या डोंगरातल्या स्की लॉजमध्ये गिरिजा हॉट चॉकलेटच्या रांगेत उभी होती, आणि मागून चक्क मराठी भांडण ऐकू आलं!

“राजस, बर्फ कोसळायचा धोका असलेला उतार एकेकानं क्रॉस करायचा, सांगितलं होतं ना?”

“सह्याद्रीत आपण हात धरूनच नेतो गं, प्रीता. तुला एकटीला कसं सोडू?”

“म्हणून तर ओरडले, मागे हो!”

“रागावून थांबलो काठावर. तू पलीकडे पोचलीस, आणि धप्प!”

“ताज्या बर्फावर पाऊस पडून तो सैल झाला होता, यार.”

“अख्ख्या उताराचा बर्फ आपल्यामधून कोसळत गेला. झाडांसकट.”

“आणि नंतर किती शांत झालं सगळं...”

“तुझं लाल जॅकेट दिसेपर्यंत मी श्वासच घेतला नाही.”

गिरिजानं हळूच बाजूला होऊन त्यांना वाट दिली.

“जा तू आधी,” राजस म्हणाला.

“गप. इथे हात धर.”