मेश्राम सरांनी परत घेतलेला धडा

काकू, सरांच्या घरची मंडळी, आणि हुडकेश्वरच्या त्या घराच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर बसून इंग्रजी शिकलेल्या माझ्या भावाबहिणींनो,

मी शीला. मेश्राम सरांची विद्यार्थिनी, आता स्वतःही इंग्रजीच शिकवते. रोज तासन् तास बोलणारी बाई आहे मी, तरी आज अडखळले तर सांभाळून घ्या.

सर एका तासाला एकच शब्द शिकवायचे. एकच! तो फळ्यावर लिहायचे आणि विचारायचे, "सांगा, हा कोणाच्या घरचा? याचं गणगोत कोणतं?" आम्ही मराठी शाळेतली पोरं. इंग्रजी शब्द दिसला की माना खाली. सर म्हणायचे, "भेऊन काहून राहिले गा? पाहुणा आहे तो. विचारपूस करा त्याची."

एक दिवस फळ्यावर आला 'फायर'. आग, एवढंच आम्हाला ठाऊक. सर म्हणाले, गोळी झाडणं म्हणजे फायर. कामावरून काढून टाकणं म्हणजेही फायर. मग माझ्याकडे वळले. "शीला, तुहे बाबा काय करतात वं?"

बाबा वीटभट्टीवर होते. मला ते वर्गात सांगायचं नव्हतं. कसंबसं पुटपुटले. सरांचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! "मंग तं जोरात सांग ना! विटा भाजणं म्हणजे बी फायरच. तुह्या बाबाचं काम डिक्शनरीत आहे!" त्या दिवशी मी मिरवत घरी गेले. बाबांना तीनदा सांगितलं.

त्याच तासाच्या शेवटी सरांनी सांगितलं, की फायर आणि आपला संस्कृतातला आगीचा शब्द 'पावक' हे सख्खे भाऊ. दरवर्षी, प्रत्येक वर्गाला हेच सांगितलं. पुढे मीही माझ्या वर्गात तेच सांगत आले.

निवृत्त झाल्यावर सरांनी एक जाडजूड कोश आणला. त्यात फायरची खरी भावकी निघाली. ग्रीक भाषेतला आगीचा शब्द त्या भावकीतलाच. चितेला इंग्रजीत 'पायर' म्हणतात, तोही त्याच घरचा. पावक मात्र पवित्र करणारा, वेगळ्या घरचा. आणि आपला अग्नी? त्याचं नातं जुळतं 'इग्नाइट'शी.

दुसरा कोणी असता तर कोश मिटून चहा प्यायला असता. सरांनी काय केलं? जुन्या विद्यार्थ्यांची नावं वहीत लिहून काढली, स्कूटर काढली आणि घरोघरी निघाले. एका शब्दासाठी!

मनीषनगरला माझ्या शाळेतही आले. मी म्हटलं, "सर, जाऊ द्या ना. कोणाला कळणार आहे?"

म्हणाले, "मले कळलं ना."

खरं सांगते, मला राग आला होता. पोरांसमोर माझी शोभा होणार, हेच डोक्यात. सर वर्गात उभे राहिले. माझ्या पोरांसमोर हात जोडले. "तुमच्या मॅडमचं काही चुकलं नाही. मीच त्याहिले चुकीचं शिकवलं होतं." मग मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. वर्षभर तोंड न उघडलेली. तिने सरांना प्रश्न विचारला. त्यानंतर ती कधी गप्प बसली नाही. पाच मिनिटांत सरांनी जे केलं, ते मला वर्षभरात जमलं नव्हतं.

शेवटची भेट धंतोलीच्या दवाखान्यात झाली. उशाशी तीच वही. भेटलेल्या प्रत्येकाच्या नावापुढे खूण. एकच नाव तसंच राहिलेलं.

"प्रकाश काही भेटून नाही राहिला. गडचिरोलीकडे राहते म्हणतात. तू सांगशील त्याले?"

मी हो म्हटलं. परवा सरांना अग्नी दिला, तेव्हाही हेच मनात होतं. कुठे शोधू या माणसाला?

प्रकाशदादा, तुम्ही मागे दाराजवळ उभे आहात. त्या सतरंजीवर आपण सोबत बसायचो, आत येतानाच मी ओळखलं तुम्हाला. सरांचा निरोप ऐका. फायर आणि पावक भाऊ नाहीत. सरांचं चुकलं होतं. त्यांनी तुमची माफी मागितली आहे.

ही ती वही. पुढे या. तुमच्या नावापुढची खूण तुम्हीच करा.

आणि प्रकाशदादा इथवर चालत येईपर्यंत, आपण सगळे उभं राहू या. कोणी बोलू नका.