बुटांच्या नाड्या

विमानतळाच्या दाराशी माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं. जाणार होते एकटे नवरोबा. बाई पहारेकऱ्याला म्हणाल्या,

"तपासणीला बूट काढायला लावता ना? यांना वाकता येत नाही, नाड्या मीच बांधते. तेवढ्यापुरतं मला आत सोडा."

"आई, नवं यंत्र आलंय. आता बूट घालूनच जायचं."

"बघ, उगाच तंगडतोड केलीस," नवरोबा म्हणाले.

"आणि येताना तिकडे जुनंच यंत्र असलं तर?"

"सांगेन कुणालातरी."

"तुम्ही? पाणी मागायला लाजता."

"मग लेकीकडेच राहतो."

"राहा की. आठ दिवसांत तीच आणून सोडेल."

बाईंनी खाली बसून गाठ पुन्हा आवळली.

"आजोबा, तुमच्यासोबत कुणी?" पहारेकऱ्यानं मला विचारलं.

"कुणी नाही. गेलं वर्षभर मी बिननाड्यांचेच बूट घालतोय."