साठ मार्कांचा म्हैसूरपाक

...अहो, म्हैसूरपाक वाटला मी! बंगळुरात, पीण्या इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या अख्ख्या वर्कशॉपला, डबा हातात धरून, लेथपाशी, ड्रिलपाशी, 'घ्या हो घ्या, पोरीचा रिपोर्ट आला!' म्हणत! आणि आता तेच लोक विचारतात, 'काय नरसिंहराव, वाढली का पोरगी?' काय सांगू? तुम्हाला सांगतो, मी सांगायला तयार आहे हो, पण ऐकतंय कोण!

आमची शिल्पाश्री. दहा वर्षांची, पाचवीत, इंग्लिशमध्ये वर्गात पहिली, आणि उंचीला... पाच वर्षांची वाटते. बेंचवर बसली की पाय लोंबतात. आणि घरात प्रत्येकाकडे औषध! तुंगाअक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, आणि सासूही तीच... थांबा, हसू नका, आमच्यात बहिणीची मुलगी करतात, बायको महानंदा माझी सख्खी भाची, लग्नाला बारा वर्षं झाली तरी हाक 'मामा'च! तर अक्का म्हणाली, 'रागीमुद्दे घाल रे तिला.' घातले नाचणीचे गोळे. शेजारचे हणमंतराव म्हणाले, 'बारला लोंबकळू द्या स्वल्प.' लोंबकळली बिचारी, रोज सकाळी, हाताला घट्टे पडेपर्यंत. मी ओरडायचो, 'जेवत नाहीस, म्हणून वाढत नाहीस!' ती म्हणायची, 'जेवते की हो अप्पा.' पण ऐकतंय कोण!

शेवटी गाठले डॉक्टर हयवदन. म्हणाले, 'मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, वाढीचं हार्मोन ती सोडते. तिला वरून दोन हुकूम येतात, एक म्हणतो सोड, दुसरा म्हणतो थांब.' म्हटलं, आमच्या वर्कशॉपात दोन मॅनेजर असेच आहेत, पुढे बोला! 'मग घ्या रक्त!' मी म्हटलं. तर म्हणे, एकदा घेऊन उपयोग नाही, हे सारखं वाहत नसतं, मध्येच उसळतं, मध्येच गायब, आणि जास्त करून गाढ झोपेत. म्हणजे आमच्या गल्लीतल्या नळासारखंच की! म्हणून उपाशीपोटी एक गोळी द्यायची, आणि अर्ध्या अर्ध्या तासानं रक्त काढायचं. पाच वेळा टोचलं हो! पाचव्या वेळी पोर स्वतःच हात पुढे करून नर्सला म्हणते, 'अक्का, या हातावर शीर लवकर सापडते.' मी आपला खिडकीबाहेर बघत राहिलो.

रिपोर्ट आला. दहाच्या वर गेलं की पास. आणि माझ्या पोरीचं किती? साठ! साठ हो! डिस्टिंक्शन! डॉक्टरांना भेटायचाही धीर नाही, तसाच मिठाईच्या दुकानात...

सोमवारी डॉक्टर म्हणाले, 'बसा.' डॉक्टर एवढ्या हळू 'बसा' म्हणाले की ओळखावं माणसानं! 'नरसिंहराव, हार्मोन भरपूर आहे, तीच अडचण आहे. हे हार्मोन म्हणजे एकशे एक्क्याण्णव मण्यांची साखळी, दोन ठिकाणी गाठ मारून घडी घातलेली. किल्लीच समजा. एक किल्ली पेशीवरची दोन कुलपं एकदम पकडते, मग यकृत हाडांना पुढचा निरोप धाडतं, वाढा म्हणून. हिची किल्ली चांगली आहे. कुलूप बिघडलंय. निरोप निघतच नाही, आणि निरोप नाही म्हणून ग्रंथीला थांब कोणी म्हणत नाही. ती आपली ओततेच आहे, ओततेच आहे...'

म्हणजे बघा, माझ्या लेकीचं अंग आतून जिवाच्या आकांतानं ओरडतंय, वाढ गं, वाढ गं... आणि ऐकतंय कोण!

'मग इंजेक्शन?' मी विचारलं. 'ते म्हणजे आणखी किल्ल्याच. यकृताचा तो निरोपच टोचायचा, असं औषध परदेशात निघालंय. इथं अजून मिळत नाही.' मग चष्मा काढून विचारतात, 'पत्नी नात्यातली?' आणि मी, सवयीनं, अभिमानानं, 'सख्खी भाची!'... त्यांचा चेहरा बघितला आणि हसू तोंडातच वाळलं. म्हणाले, 'कुलपाचा साचा आईकडून एक, वडिलांकडून एक येतो; तुम्ही एकाच रक्ताचे, म्हणून दोन्ही बिघडलेलेच आले. दोष कुणाचाच नाही.'

घरी अक्का दारातच. 'काय म्हणाला रे डॉक्टर?' आमचं लग्न तिनंच जुळवलेलं, नवस बोलून! 'उशिरा वाढेल म्हणाला,' मी म्हटलं. महानंदाला मात्र खरं सांगितलं. तेव्हापासून ती मला मामा म्हणत नाही. 'अहो' म्हणते.

आणि शिल्पाश्री? तिला सगळं समजावलं, किल्ली, कुलूप, निरोप. शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारते, 'म्हणजे मी जेवत नव्हते म्हणून नाही ना, अप्पा?'

'नाही गं.'

'नीट लोंबकळले नाही म्हणूनपण नाही?'

'नाही गं बाई!'

'सरी,' म्हणजे 'बरं', म्हणाली, आणि गृहपाठाला बसली. पाच वर्षं हो... पाच वर्षं ते पोर स्वतःलाच दोषी समजत होतं, आणि तसं समजायला मीच तर शिकवलं होतं!

परवा जयनगरला युनिफॉर्म शिवायला नेलं. टेलर टेप लावत म्हणतो, 'वाढतं अंग आहे, खाली चार बोटं कापड जास्त दुमडून ठेवतो.' मी 'ठेवा' म्हणणार, एवढ्यात हीच म्हणाली, 'नको अंकल, मापातच शिवा. कापड वाया जाईल.' टेलर असा खूश! तिचा गालगुच्चा घेऊन मला म्हणतो, 'काय पोरगी आहे सार! एवढ्याशा जिवाला केवढी समज!'

आता त्याला कुठून सांगायला सुरुवात करू... मी म्हटलं, 'हो ना. वयाच्या मानानं मोठीच आहे.'