तीन सेंटिमीटर जास्तीची काच

हॅलो?… हॅलो, काचेचं दुकान ना? मारिनेसला द्या जरा… कोण, तूच? अगं, मी नेउझा. आवाज बसलाय रडून रडून… नाही, नाही, सासूबाई बऱ्या आहेत. उद्या सोडतायत हॉस्पिटलातून. तू आधी मला सांग, आमच्या शॉवरची काच भट्टीत गेली का?

रंग नाही गं बदलायचा! दुधीच हवी. हो, त्यावरून तीन आठवडे तुझं डोकं खाल्लंय, माहितीये मला. वाल्दिरला आरपार दिसणारी, सासूबाईंना धुरकट, शेवटी दुधीवर मिटलं… दारही बिजागरीचंच. सरकत्या दाराला खाली पट्टी येते, त्यांचा वॉकर अडेल… अगं ऐक ना! थांबव ती काच. भट्टीवाल्याला फोन कर, आत्ताच्या आत्ता.

माप चुकलंय… नाही, तुझं नाही चुकलं. तू घेतलंस तेव्हा ब्याण्णवच होतं. भिंती पुढे आल्या.

हसू नकोस, मारिनेस. मी परवापासून सासूबाईंजवळ हॉस्पिटलात होते, आणि इकडे माझ्या या नवऱ्याने, वाल्दिरने, मेव्हण्याला बोलावून शॉवरच्या दोन्ही भिंतींना नव्या टाइल्स लावल्या. जुन्यांच्या वरच! आईला घरी आल्यावर आनंद होईल म्हणे… हो, सही त्यानेच केलीय तुझ्या कागदावर. माप घेतल्यावर भिंतीला हात लावणार नाही म्हणून. विचारलं तर म्हणतो, 'फोडली कुठे भिंत? वरून तर चिकटवल्या!' आता बोल. कपाळ माझं!

पुन्हा मोजू? सकाळपासून सात वेळा मोजलं… बरं, बरं. फोन खांद्यात धरते. वर… एकोणनव्वद. मध्ये… एकोणनव्वद. खाली… खाली तर त्याहून दोन मिलिमीटर कमीच. आला का अंदाज?

काय? पहाटेच निघाली भट्टीतून?… ट्रकमध्ये चढलीसुद्धा?

मग कापा ना ती! तीन सेंटिमीटरच तर… हो. हो, समजतंय. एकदा भाजली की कापता येत नाही. चुरा होतो. माहितीये गं, तूच सांगितलं होतंस, पण माणूस बुडायला लागला की काडीला धरतो ना.

दुसरी कर मग. कधी मिळेल?… कार्निव्हलच्या सुट्ट्यांनंतर! अगं, या देशात काय नाही होत कार्निव्हलनंतर? लग्नं कार्निव्हलनंतर, कोर्टाच्या तारखा कार्निव्हलनंतर, आमच्या सासूबाईंच्या टाइल्ससुद्धा अकरा वर्षं कार्निव्हलनंतरच लागणार होत्या! मला उद्या हवीय, मारिनेस. उद्या दुपारी त्या दारात उभ्या राहणार आहेत.

थांब, कुकर बंद करते. राजमा लागला वाटतं खाली… लागलाच. जाऊ दे.

पडदा? दहा दिवसांपुरता?… पडद्याचं नाव काढू नकोस. त्या पडद्यानेच पाडलं ना त्यांना महिन्यापूर्वी! ओला पडदा पायाला चिकटला, तोल गेला म्हणून त्यालाच धरलं, तर दांडीसकट खाली. आणि मी कुठे? बेकरीत. दहा मिनिटांत येते म्हणाले आणि तासभर गप्पा हाणत बसले. शेजारच्या तेर्सियोने दार फोडलं. अंगावर काही नव्हतं गं त्यांच्या… त्याच पडद्यात गुंडाळून उचललं त्यांना, सगळी गल्ली बघत होती. ज्या बाईने नवऱ्यासमोर कधी केस मोकळे सोडले नाहीत! 'नवा पडदा लावू' म्हटलं की भिंतीकडे तोंड करतात.

लोर्देस नणंदबाई मनाउसहून तिकिटं घेऊनच आल्यात. उद्या रात्रीचं विमान. 'माझ्याकडची न्हाणी बघ, हॉस्पिटलासारखी आहे,' असं रोज कानात घालतात. सासूबाई म्हणाल्या, 'काच लागली असेल तर मी इथेच राहीन, नसेल तर लोर्देसबरोबर जाईन.' एकदा गेल्या की या वयात परत येतायत होय? विमानानेच चार तास आहे ते.

हस, हस तू. जगातल्या सुना सासू जावी म्हणून नवस बोलतात, आणि मी ठेवायला रडतेय. पण माझी आई गेली तेव्हा माझी वेणी कुणी घातली, मारिनेस? माझी ल्युसिया अडीच किलोची जन्मली तेव्हा तिला छातीशी कुणी धरलं? तू तिच्या बाप्तिस्म्याची धर्ममाता आहेस, तुला सांगायला हवं का?

काय म्हणालीस?… टाइल्स काढायच्या? दोन्ही भिंतींच्या?

नाही. नाही गं. त्या त्यांनी स्वतः निवडलेल्या आहेत. हिरव्या पानांच्या. चादरीत गुंडाळून अकरा वर्षं पलंगाखाली ठेवल्या होत्या, पाहुण्यांना एकेक काढून दाखवायच्या. तो कारखानाही आता बंद झालाय. काढताना फुटल्या तर? त्यांना काय सांगू, काचेसाठी तुमची पानं फोडली?… सांधे? नाही, सांधे अजून भरले नाहीत. चिकटवलेलंही ओलं असेल अजून. आज सुटतील, उद्या नाही… बरोबर आहे तुझं. पण वाल्दिरला कोण सांगणार? रात्रभर जागून लावल्यात त्याने. सकाळी मला हाताला धरून आत नेलं, लहान पोरासारखं…

थांब. वाल्दिर? कधी आलास तू?… किती ऐकलंस?… अरे, माझ्याकडे बघ तरी! कुठे चाललास?

मारिनेस, न्हाणीकडे गेला गं तो. अवजारांची पेटी उघडली… छिन्नी घेतली.

वाल्दिर, दमाने घे, आईच्या टाइल्स आहेत त्या!… काय? काय म्हणालास?

…आहे, मारिनेस, फोनवरच आहे. तो म्हणाला, 'टाइल्स बघायला आई घरात तर हवी.'

येतोय ना छिन्नीचा आवाज तुला? तोच… नाही, मी नाही रडत. तो रडतोय, माझ्याकडे पाठ करून.

ट्रक परत पाठवू नकोस. ऐकलंस? काच येऊ दे. संध्याकाळपर्यंत तुझ्या ब्याण्णवच्या भिंती तुला मिळतील… हो, जुन्या, डाग पडलेल्या. असू देत.

वाल्दिर, हळू! वरून नको, बाजूने घाल… सुटतेय बघ, कोपरा हलला… सोडू नकोस, मी धरते खालून!… एक मिनिट, मारिनेस…

निघाली. अगं, अख्खी निघाली! एक पानही तुटलं नाही… ठेवते मी फोन. ठेवते गं, मला दोन्ही हात लागणार आहेत.