दिव्यांनी मान खाली घातली त्याची गोष्ट

...आणि दात घासायचा ब्रश माझाच का घेतला, ते आधी विचारा त्यांना! स्वतःचा होता की शेजारीच, त्याच पेल्यात! पण नाही, म्हणे तुझा नवा आहे, केस ताठ आहेत, गंज चांगला निघतो... मी काही बोलले नाही.

तुम्हाला सांगते, आमचे हे, विश्वंभर, बडोद्याजवळ बाजव्याच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट खात्यात एकतीस वर्षं. मग तिथे सगळं कॉम्प्युटरवर गेलं आणि साहेब म्हणाले, व्हीआरएस घ्या. घेतली. आणि घरी येऊन यांनी काय करावं? गाडी घेतली! जुनी, पण परदेशी. अहो, आम्ही दोघं माणसं, मारुती काय वाईट होती? पण एकतीस वर्षं स्कूटर चालवलेला माणूस, म्हटलं असू दे. मी काही बोलले नाही.

पहिल्याच पावसाळ्यात सोसायटीत गुडघाभर पाणी, गाडी त्यात दोन दिवस उभी. पाणी ओसरलं, गाडी सुरू झाली, सगळं छान. पुढे दिवाळीत वाघोडियाला प्राचीकडे गेलो, प्राची म्हणजे आमची लेक. येताना दिवस मावळला, दिवे लावले, तर दिवे खाली बघतायत! म्हणजे उजेड आहे, भरपूर आहे, पण सगळा गाडीच्या नाकासमोर दहा पावलांवर. पाहुणे बघायला आले की मुलगी बसते ना मान खाली घालून, तशी ती गाडी! समोर म्हैस आहे की ट्रक, काही कळेना. मी खिडकीतून डोकं काढून ओरडतेय, "डावीकडे घ्या! अहो, खड्डा!" बडोदं येईपर्यंत घसा बसला माझा. त्यामुळे दुसऱ्या दिवशी खरंच काही बोलले नाही.

मग शोरूमला गेलो. तिथला टाय लावलेला मुलगा म्हणतो, "अंकल, पाछळनो सेन्सर गयो छे. रिपेर ना थाय, आखो बदलवो पडे." म्हणजे असं बघा, मागच्या चाकाजवळ एक काळी डबी असते, साबणाच्या वडीएवढी. मागे माणसं बसली, गाडी मागून दबली, की ती डबी दिव्यांना सांगते, जरा खाली व्हा, समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नका. पाण्यानं ती गंजली, आणि दिवे घाबरून कायमचेच खाली झाले. हे मला यांनीच सांगितलं, वरणभातावर हात वाळवत, अर्धा तास! आणि त्या मुलाला काय म्हणाले? "सेन्सर बदलायचा? अरे, मी जन्मभर सेन्सरच दुरुस्त केलेत!"

झालं! डबी काढली आणि आली माझ्या जेवायच्या टेबलावर. मग माझा ब्रश, माझा भुवयांचा चिमटा, देवातला कापूस... तीन दिवस आम्ही दोघं ओट्यापाशी उभ्यानं जेवलो. पण तुम्हाला खरं सांगू? व्हीआरएस घेतल्यापासून हा माणूस पहिल्यांदाच गुणगुणत होता. म्हणून मी काही बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी गुणगुणणं थांबलं. मी बाहेर येऊन बघते, तर हे नुसते बसलेले. डबीच्या तोंडाशी तीन बारीक पिना असतात, गंजून हिरव्यागार झालेल्या. त्यातली एक घासता घासता मोडली होती. मोडलेला तुकडा तळहातावर घेऊन माझ्यापुढे धरला. म्हणाले, "स्नेहल, माझे हात राहिले नाहीत गं आता. कारखान्यानं मला काढलं ते बरोबरच केलं."

आता मात्र मी बोलले! "एकतीस वर्षांत तिकडे काही मोडलं नाही का तुमच्या हातून? तेव्हा काय हात धरून बसला होतात? चहा करते, तोवर कथलाचा डाग द्या तिला!" आणि चष्मा पुसून दिला, कारण बोटांचे ठसे एवढे होते त्यावर, की तीनच्या पिना सहा दिसल्या असत्या!

चहा गार झाला. पण मोडक्या पिनेच्या जागी तार जोडली गेली.

डबी बसवली, तर दिवे अजून खालीच! का? तर म्हणे गाडीला सांगावं लागतं की सरळ म्हणजे कुठे, आणि ते लॅपटॉपवरून. म्हणून पाणीगेटला यासीनभाईंच्या गॅरेजात गेलो. त्यांनी लॅपटॉप जोडला, गाडी भिंतीसमोर उभी केली, शेडचं शटर ओढलं, आणि दिवे असे हळूच वर आले. मला तर बाई भरून आलं. तेवढ्यात हे म्हणतात, "तू मागे बस. वजन टाकून बघायचंय." बसले! उजेड भिंतीवर वर चढला आणि आपोआप खाली आला. यासीनभाई म्हणाले, "काकी, हजी एक वार!" उतरले, बसले, उतरले, बसले... कामं टाकून गॅरेजातले चौघे बघायला जमले. एक म्हणतो, "वाह, सरस काम करे छे!" सेन्सर हो, मी नाही!

मग यासीनभाईंनी डबी खाली वाकून बघितली, डाग बघितला. "काका, आ कोणे कर्यूं?" हे म्हणाले, "मी." यासीनभाईंनी कोपऱ्यातलं खोकं ओढलं. त्यात अशाच गंजलेल्या डब्या, वीसेक असतील. म्हणाले, "काका, काले आवी जाव ने." उद्या या म्हणे!

गेले. त्याला आता आठ महिने झाले. रोज नऊला निघतात. मी सहाला उठते, डबा करते, तोही कोरड्या भाजीचा, कारण रस्सा सांडतो. आणि शुक्रवारी अळूवडी दुप्पट, कारण यासीनभाईंना आवडते. काल म्हटलं, "अहो, आता निवृत्त कधी व्हायचं?" तर म्हणतात, "अगं, आत्ता कुठे काम शिकतोय!"

आता यावर काय बोलणार? विचारलं, पोळ्या चार देऊ की पाच?