गुंडाप्पाचा अंगठा

मालीशवाल्यांचं कौतुक मला सांगू नका. निपाणीला तंबाखूच्या वखारीत मी मुकादम होतो, तवा आमच्या मालकांना गुंडाप्पा रोज तेल लावायचा. तालमीत पैलवान चोळून चोळून हा गडी स्वतःला वैद्य समजायला लागलेला.

एका पावसाळ्यात मालकांचे पाय सुजले, मग तोंडही सुजलं. गुंडाप्पा म्हणाला, "मालक, माझं तेल अंगी लागलं बघा." मालक खूश.

एकदा त्यानं मला मुद्दाम बोलावलं. मालकांच्या नडगीवर अंगठा दाबून उचलला, तर तिथं खड्डा पडला तो पडलाच.

"बघितलंस? ह्याला म्हणतात बोटातली ताकद."

मी म्हणालो, "मालक, हे काय बरं दिसत न्हाय. बेळगावला डाक्टरांना दाखवूया."

मालकच हसले. "मी अंगानं भरलो ते तुला बघवत न्हाय व्हय रं?"

दिवाळीच्या आत मालक गेले. तिरडी चौघांना पेलेना, म्हणून मीही खांदा लावला. शेजारी गुंडाप्पा. घामानं निथळत होता, पण छाती पुढं काढून माझ्या कानाशी म्हणाला,

"वजन बघितलंस? माझ्या हातात आले तवा नुसती काडी हुते."