चारही दिवे लागत होते

नाव: वरच्या रकान्यात लिहून घेतले आहे तेच. मात्र त्या नावाने मला कोणी ओळखत नाही. ट्रकच्या लाइनीत 'वायरमास्तर' म्हणून विचारावे. वय: एकावन्न वर्षे. शिक्षण: नववी, पुढचे सगळे जळालेल्या वायरिंगवर. धंदा: ट्रकचे वायरिंग, स्वतःचे दुकान, अठ्ठावीस वर्षे. (हवालदारांनी आधी 'मेकॅनिक' लिहिले होते. मेकॅनिक इंजिन उघडतो. मी उघडत नाही. दुरुस्त करून घेतले.) राहणार: दुकानाच्या मागे, दोन खोल्या.

मी स्वतः ठाण्यात येऊन, कोणी न दटावता, विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी पत्नीसह राहतो. पत्नीचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, वय चौतीस, दहाचाकी ट्रकवर ड्रायव्हर आहे. ट्रक त्याच्या मालकाचा. काल सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी दाट धुक्यात तो ट्रक वजनकाट्याच्या केबिनला धडकला. केबिनची पुढची भिंत पडली व टेबलाचा एक पाय मोडला. काटेवाला त्या वेळी मागे नळावर तोंड धूत होता, त्यामुळे कोणाला लागले नाही. मेहुण्याने आपल्या जबाबात असे लिहून दिले आहे की, त्याने अप्पर, म्हणजे लांबचा झोत, मारताच पुढचे सगळे दिवे एकदम गेले, आणि त्या दिव्यांचे वायरिंग मी, म्हणजे त्याच्या दाजींनी केले होते. त्यावरून मला बोलावणे आले.

माझ्या हातून वायरचा जोड सैल राहिला असावा व त्यामुळे दिवे गेले असावेत.

वरील वाक्य माझ्या पत्नीचे आहे. आज सकाळी साडेआठ वाजता तिने ते माझ्याकडून तीन वेळा म्हणून घेतले. ट्रकमालकाचा निरोप आहे की, दोष दिव्यांचा निघाला तर ड्रायव्हर राहील. दोष ड्रायव्हरचा निघाला तर त्याने चावी ठेवून घरी जावे. मेहुण्याची ही चौथी नोकरी आहे. पत्नी म्हणाली, "एक वाक्य तर बोलायचंय. तुमचं काय जातंय? दुकान तुमचं आहे, तुम्हाला कोण काढणार?" मी हो म्हणालो. ठाण्यात आल्यावर ते वाक्य मी न अडखळता सांगितले. हवालदारांनी ते लिहून घेतले व सहीसाठी पेन दिले. पेन माझ्या हातात असताना त्यांनी खात्री करण्यासाठी विचारले, "म्हणजे वायरी नुसत्या पिळून वर टेप गुंडाळली होती ना?"

मी पेन खाली ठेवले.

मी आजपर्यंत एकही वायर पिळून टेप गुंडाळलेली नाही. माझ्या प्रत्येक वायरच्या टोकाला पिन दाबलेली असते, पिनेवर रबरी नळी चढवलेली असते, आणि ती वायर दोन बोटांत धरून मी एकदा जोरात ओढून पाहतो. ओढून न पाहिलेली वायर माझ्या दुकानातून बाहेर जात नाही. हे लिहून घ्यावे असे मी सांगितले. हवालदार म्हणाले, "पण तुम्ही आत्ताच सैल म्हणालात." मी म्हणालो, "ते घरचं आहे. हे माझं आहे."

पुढे विचारल्यावरून सांगतो की, कंपनीतून ट्रक येतो तेव्हा बंपरमधले दोन फॉगचे, म्हणजे धुक्यासाठीचे, दिवे फक्त डिप्परबरोबर, म्हणजे खालच्या झोताबरोबर, लागतात. अप्पर मारला की ते आपोआप विझतात. हे कंपनीकडून चुकून झालेले नाही. फॉगच्या दिव्यांना एक रिले असतो. रिले म्हणजे दार उघडणारा नोकर, आणि त्याला हाक मारणारी वायर डिप्परची असते. डिप्पर गेला की हाक बंद, हाक बंद की दार बंद. मी एवढेच केले की, कंपनीची कोणतीही वायर न तोडता, नऊ इंचांची एक पिवळी वायर टाकून ती हाक पार्किंगच्या बारक्या दिव्यांच्या लाइनीवरून दिली. पार्किंग अप्परलाही चालू, डिप्परलाही चालू. म्हणून चारही दिवे एकदम लागतात. (हवालदारांनी "थोडक्यात सांगा" असे सांगितले. वरील थोडक्यातच आहे.)

हे काम मी मागच्या महिन्याच्या बारा तारखेला दुपारी तीन ते पावणेचार या वेळात केले. त्या दिवशी मेहुणा दुकानात येऊन म्हणाला, "दाजी, अप्परला फॉग विझतात. चारही पेटले पाहिजेत. समोरच्याला कळलं पाहिजे कोण येतंय." मी म्हणालो, "समोरच्याला कळेल रे, तुला काय कळणार? धुक्यात अप्पर म्हणजे तोंडासमोर पांढरी चादर. उजेड धुक्यावर आपटून तुझ्याच डोळ्यांत येतो." त्यावर तो म्हणाला, "होत नसेल तर तसं सांगा. नाक्यावरचा वायरवाला म्हणतो, कंपनीची वायर तोडल्याशिवाय हे कुणाच्या बापाला जमणार नाही."

त्यानंतर मी काम सुरू केले.

आज अकरा वाजून पन्नास मिनिटांनी मी स्वतः साहेबांना विनंती केली की, ट्रक ठाण्याच्या आवारातच उभा आहे, तर दिवे लावून पाहावेत. मेहुणा बाकावर बसला होता. तो म्हणाला, "दाजी, राहू द्या ना. साहेबांना कशाला उन्हात?" साहेब म्हणाले, "साहेबांचं साहेब बघतील." हवालदार, साहेब व काटेवाला ट्रकसमोर उभे राहिले. काटेवाल्याने टेबलाचा मोडलेला पाय पुरावा म्हणून सोबत आणला होता. माझी पत्नी खिडकीखालच्या बाकावर डबा घेऊन बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले. मी ट्रककडे पाहत होतो.

मी किल्ली फिरवली, पार्किंग लावले, डिप्पर लावला, मग अप्पर मारला. चारही दिवे लागले. डाव्या फॉगची काच धडकेत तडकली आहे, तरी आतला दिवा शाबूत होता. साहेबांनी हातातली फाइल तोंडासमोर धरली व "बंद करा, बंद करा" म्हणाले. मी म्हणालो, "दहा मिनिटं राहू द्या. सैल जोड गरम झाल्यावरच दगा देतो." दिवे बारा मिनिटे लावून ठेवले. एकदाही मिचकावले नाहीत. काटेवाला म्हणाला, "भर दुपारी हे असं, तर काल मी नळावर होतो तेच बरं."

त्यानंतर हवालदारांनी गाडीची बाकीची तपासणी म्हणून हॉर्न दाबला. हॉर्न वाजला नाही.

म्हणून मी फ्यूजचा डबा उघडला. झाकणाच्या आत मी माझ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली आहे, कोणता फ्यूज कशाचा, सगळे लिहून. डावीकडून तिसरा फॉगचा, उजवीकडून तिसरा हॉर्नचा. फॉगचा जागेवर होता. हॉर्नचा नव्हता. हा फ्यूज कोणी व कशासाठी काढला याबद्दल मला काही सांगता येत नाही. तो मेहुण्याच्या शर्टाच्या खिशात कंगव्याजवळ मिळाला. एवढे मात्र सांगतो की, स्टिअरिंगखाली उताणे पडून पाहिले तर डावे-उजवे उलटे दिसते, आणि त्यासाठीच चिठ्ठी आहे. शिवाय फॉगचा फ्यूज काढला असता तरी वरचे मोठे दिवे लागलेच असते, कारण त्यांचे फ्यूज वेगळे आहेत. माझ्या वायरिंगमध्ये एका फ्यूजने चारही दिवे घालवायची सोय नाही.

साहेबांनी मेहुण्याला विचारले, "दिवे गेले नव्हते, तर धडकलास कसा?" तो म्हणाला, "साहेब, दिसलंच नाही. अप्पर मारला आणि सगळं पांढरं झालं. ब्रेक मारेपर्यंत केबिन आली."

हे त्याने खरे सांगितले.

यावरून साहेबांनी मला विचारले की, ट्रक परत देताना धुक्यात अप्पर मारू नको असे मी त्याला बजावले होते काय. काम घेण्याआधी मी चादरीचे सांगितले होते. ट्रक देताना मी दुकानासमोरच्या भिंतीवर चारही दिव्यांचा उजेड पाहत होतो. समोरचा पंक्चरवाला, चहावाला असे चार-पाच जण जमले होते. पंक्चरवाल्याने विचारले, "वायर तोडली का हो?" मी म्हणालो, "शोधून दाखव." नंतर मेहुणा ट्रक घेऊन गेला. बजावले नाही.

तरी माझे असे म्हणणे आहे की, दिवे गेले म्हणून अपघात झाला नाही. मी लावले तसे चारही लागले, म्हणून झाला. जे काम करू नये हे मला माहीत होते ते मी केले, कारण ते जमते हे मला दाखवायचे होते. अप्पर मेहुण्याने मारला, तो अर्धा दोष त्याचा. उरलेला अर्धा माझ्या नावावर लिहावा. हवालदार म्हणाले, अर्ध्या दोषाचा रकाना कागदात नाही. मी म्हणालो, समासात लिहा. समासात लिहिले आहे.

साहेबांच्या परवानगीने मी आवारातच वायरिंग कंपनीसारखे पूर्ववत केले. त्याला चार मिनिटे लागली. मी डॅशबोर्डखाली असताना मेहुणा न सांगता आला व टॉर्च धरून बसला. तो हळूच म्हणाला, "दाजी, एकच तर वाक्य होतं." मी म्हणालो, "पाठ होतं रे. तोंडातून निघेना." आजवर त्याने माझ्या कामावर टॉर्च कधी नीट धरला नव्हता. आज धरला.

काढलेली वायर मी ठाण्यात जमा केली आहे. पंचनाम्यात तिला 'पिवळ्या वायरचा तुकडा' म्हटले आहे. तो तुकडा नाही. दोन्ही टोकांना पिना दाबलेली नऊ इंची पूर्ण वायर आहे. हवालदारांनी ती दोन्ही हातांनी ओढून पाहिली आहे. काही झाले नाही.

केबिनची भिंत मी व मेहुणा मिळून येत्या रविवारी बांधून देऊ. काटेवाल्याने त्याला मान्यता दिली आहे, पण केबिनमधल्या पंख्याचे वायरिंगही त्यात धरावे असे त्याचे म्हणणे आहे. ते मी मान्य केले आहे. हॉर्नचा फ्यूज जागेवर बसवला आहे.

ट्रकमालकास हा जबाब दाखवावा अशी माझी विनंती आहे. त्याने एवढा विचार करावा की, धुक्यात अप्पर मारू नये हे या ड्रायव्हरला आता आयुष्यभर सांगावे लागणार नाही. नवा ड्रायव्हर ठेवला तर त्याला ते कळायला आणखी एक केबिन लागेल.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. पत्नी खिडकीखाली बसली असल्याने हळू वाचावा अशी मी विनंती केली होती. दुसऱ्या पानावर बाहेरून आवाज आला, "मोठ्यानं वाचा हो, ऐकू येत नाही." म्हणून पहिल्यापासून पुन्हा मोठ्याने वाचला. आणखी एका केबिनचे वाक्य आल्यावर पत्नी म्हणाली, "हे सकाळी सुचलं असतं तर?" सैल जोडाचे वाक्य रद्द समजावे, त्याच्यापुढे तसा शेरा मारून माझी सही घेतली आहे. बाकी मजकूर मी बोललो तसाच उतरला आहे, बरोबर आहे व खरा आहे. पत्नीने डबा आत पाठवला आहे. हवालदारांनी तपासणीसाठी तो उघडला. त्यात दोघांचे जेवण आहे. मेहुण्याला बोलावले आहे.

सही केली.